तेल्याची होखमा

फार पूर्वी, म्हणजे तुमच्या आजोबांना नाक पुसायला शिकवत होते त्याच्याही आधी, कोकणात एका खाडीकाठी हसाजी नावाचा तेली राहत होता. हसाजी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला यहुदी. शुक्रवारी सूर्य बुडाला की या लोकांचा घाणा बंद, बैल मोकळा, प्रवाससुद्धा बंद, तो थेट शनिवारच्या संध्याकाळपर्यंत. म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे.

हसाजीचा हात मोठा गुणी. खोबरं नुसतं चोळून तो सांगे, यात तेल किती.

एकदा समुद्रापलीकडून हिब्रू शिकवणारे गुरुजी गावात आले. ते म्हणाले, "जुन्या हिब्रूत शहाणपणाला होखमा म्हणतात. पण ती डोक्यातच असते असं नाही. विणकराच्या बोटांत असते, सोनाराच्या हातात असते, खलाशाच्या मनगटात असते."

"आणि तेल्याच्या?" हसाजीनं विचारलं.

"असते की! आता नीट जगणं हेही एक कसबच आहे, म्हणून..."

पुढचं ऐकायला हसाजी होता कुठं? तो चावडीवर पोचला होता.

त्या दिवसापासून तो गावाचा शहाणा झाला. कुणाची सोयरीक, कुणाचा ताप, कुणाची गाभण म्हैस, सगळ्यांत हसाजीचा सल्ला. लोकही असे बिलंदर, की सल्ला फुकट म्हटल्यावर रांग लावत.

मग एका शुक्रवारी तो खाडीपलीकडच्या गावाहून लेकीला बाळंतपणासाठी आणायला गेला. दिवस भरत आले होते. दोघं होडीपाशी आली, तर होडी हाकणारा तांडेल पाय पसरून विडी ओढत बसलेला.

"हसाजीबाबा, थांबा. ओहोटीचं पाणी बाहेर धावतंय, वारा आत घुसतोय. दोघांची मारामारी चाललीय. भरती लागली की नेतो."

"तोवर सूर्य बुडेल! मला होखमा आहे, मी सांगतो. सोड होडी."

खरं तर तांडेलानं हात जोडून नाही म्हणायला हवं होतं. पण त्यालाही शहाण्याची जिरवायची हौस. एक दीडशहाणा काठावर, दुसरा होडीत, आणि मधे बिचारी पोटुशी पोर!

होडी मधोमध आली आणि ओहोटीनं तिला धरलं. ती खाडीच्या तोंडाकडे ओढली जाऊ लागली. तिथं लाटा उभ्या फुटत होत्या.

"डावीकडे घे! शीड ताण!" हसाजी ओरडला.

तांडेलानं शीड ताणलं. होडी कलंडली, गुडघाभर पाणी आत आलं. लेक आडवी पडली, दोन्ही हात पोटावर.

"बाबा," ती म्हणाली, "मला माझं मूल बघायचंय."

तांडेलाचा चेहरा पांढरा पडला. सगळी मस्करी उतरली. "बाबा, लवकर बोला. तुमच्या हुकमानं पुढं जायचं, की माझ्या मनानं त्या खडकामागं? तिथं नांगर टाकून भरतीची वाट बघू. पण सूर्य होडीतच बुडेल."

हसाजीनं सूर्याकडे पाहिलं. काठावर वाट बघणारा गाव आठवला. मग लेकीकडे पाहिलं. पुढची लाट उठत होती.

"मला यातलं काही कळत नाही रे," तो म्हणाला. "तू सांग, मी काय करू?"

"शीड सोडा! नारळाची नरोटी घ्या आणि पाणी उपसा! तोंड मिटून!"

हसाजी उपसू लागला. तांडेलानं सुकाणूवर अंग टाकलं. होडी वळेना. मग करकरली, वळली आणि खडकाच्या इतकी जवळून गेली की हसाजीनं डोळेच मिटले. उघडले तेव्हा पाणी शांत होतं. लेक उठून बसली होती. सूर्य बुडाला होता.

भरती लागल्यावर होडी गावाला आली. काठावर गर्दी. एक म्हातारा करवादला, "हसाजी, शनिवार मोडलास!"

"जीव वाचवताना शनिवार आड येत नाही," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी लेकीला हात दिला.

लगेच गर्दीची जीभ फिरली. "हसाजी शहाण्यानं लेक वाचवली!"

हसाजीनं एकदा गर्दीकडे पाहिलं. गप्प राहिला असता तर जन्मभर शहाणा म्हणून मिरवला असता.

"मी तिला बुडवायला निघालो होतो," तो म्हणाला. "वाचवली यानं. मी नुसतं पाणी उपसलं."

"तेही निम्मं माझ्याच अंगावर," तांडेल म्हणाला. मग मान खाली घालून पुटपुटला, "आणि मीही होडी सोडायला नको होती."

तात्पर्य, पोरांनी ऐकावं आणि मोठ्यांनी न वाचताच पुढं ढकलू नये: आपला हात ज्यात चालतो ते नेटानं करावं; जिथं चालत नाही तिथं सुकाणू जाणत्याच्या हाती द्यावं. हे दुसरं ज्याला जमलं, तोच खरा शहाणा.