केतकीला दिली तर?

चिपळूणच्या निवृत्त नर्स सुमतीबाई रेडीज यांची गाडी वीस वर्षांची झाली होती. नवी घेणं शक्य नव्हतं, आणि कऱ्हाडला आजारी बहिणीकडे दर रविवारी घाट ओलांडून जाणं चुकवता येत नव्हतं.

गॅरेजवाले बापूशेठ म्हणजे गाड्यांचे धन्वंतरी, निदान त्यांच्या स्वतःच्या मते. त्यांनी बॉनेट उघडून अकरा कामं सांगितली. "सगळी करा, नाहीतर भंगारात घाला. अर्धवट काम माझ्याकडे होत नाही!"

सुमतीबाई शांतपणे म्हणाल्या, "भंगारात घालण्यापेक्षा तुमच्या केतकीला दिली तर? ती गाडी शिकतेय ना?"

बापूशेठ एकदम खुलले. "द्या की! ब्रेक आणि मागचे दोन टायर बदलले की पोरगी बिनघोर घाट उतरेल. इंजिन ठणठणीत आहे!"

"मग तेवढंच करा," सुमतीबाई हसून म्हणाल्या. "तुमच्या लेकीच्या जिवाला जे पुरतं, ते माझ्याही जिवाला पुरेल."

बापूशेठनी पाना उचलला.

त्या रविवारी बहिणीला भेटून परतताना, घाटाच्या पहिल्याच वळणावर ब्रेक अलगद लागले. सुमतीबाईंनी आठवडाभर रोखलेला श्वास मोकळा सोडला.