येसू आणि ओढणारा दगड

एकदा काय झालं, बरं का पोरांनो, एका लोहाराच्या घरात एक काळा दगड होता. लोखंड दिसलं की ओढून घ्यायचा. आणि घराचा नियम असा, की हा दगड फक्त मुलाच्या हाताचं ऐकतो, मुलीच्या नाही. का, असं विचारायचं नाही!

त्या घरात येसू होती आणि तिचा धाकटा भाऊ गोंदा. रोज भट्टी विझली की त्यांचे लोहार आबा तो दगड गोंदाच्या हातात द्यायचे. शेंबडा गोंदा तो जमिनीवर फिरवायचा आणि सांडलेले खिळे टपाटप येऊन चिकटायचे. "माझा वाघ!" आबा म्हणायचे. मग आत्या त्याला गूळ द्यायची. कोपऱ्यातले खिळे येसू बोटांनी वेचायची. बोटं सोलवटायची, पण गूळ नाही. तिच्या पोटात असं जळायचं, की भट्टीनं लाजावं!

एका दुपारी आबा घोरत होते. येसूने गुपचूप दगड घेतला आणि पितळी तांब्याला लावला. तांब्या ढिम्म. मग लाकडी पाटाला लावला. पाटही ढिम्म. "गोंद्याचं ऐकतो मेला, माझं नाही," म्हणत ती रडली.

मग एकदा मिरवता मिरवता गोंदाने खिळ्यांचा डबा लाथाडला. खिळे गाईच्या भुशात! मैना गाय तर दारात आलेली. खिळा पोटात गेला तर गाय जगत नाही, बरं का. गोंदाने दगड टाकून भोकाड पसरलं.

येसूने दगड उचलला आणि भुशात खुपसला. टक्! टक् टक्! बाहेर काढला तर साळिंदरच! पुन्हा खुपसला, पुन्हा साळिंदर. तिसऱ्यांदा दगड रिकामा आला. मग मैनेने खुशाल तोंड घातलं.

आबा आणि आत्या धावत आले. आबा म्हणाले, "दे तो गोंदाकडे. त्यानंच खिळे काढले म्हणू. घराची रीत आहे."

येसूने दगड गोंदाच्या हातात दिला आणि पुढे तांब्या धरला. "ओढ, वाघा!" तांब्या हलेना. मग खिळा धरला. टक्!

"याला हात कळत नाही, आबा. लोखंड कळतं." तिने दगड परत घेतला.

"खाली ठेव, पोरी."

"नाही ठेवणार. एक दिवस त्याचा, एक माझा. गुळाचंही तसंच."

आत्याच्या हातातला गूळ हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी भट्टी विझली, तेव्हा आबांनी दगड येसूच्या हातात दिला.

मग सगळे सुखाने राहिले, मैनासुद्धा. चला, डोळे मिटा आता. सकाळी माझ्या शिवणाच्या डब्यातला चुंबक देते. घरभर लावून बघा काय चिकटतं ते. आणि भांडू नका रे, आधी तुमची बहीण चिमी घेणार.