बयजा ओतारणीच्या दारची घंटा

एका राज्यात पाखरं माणसांसारखी बोलत, झाडं हाक मारली की वळून पाहत, पण घंटा मात्र सबंध मुलखात एकच बाई ओतत असे. तिचं नाव बयजा. दुकान म्हणाल तर केवढंसं: एक भट्टी, एक भाता, आणि भात्यावर बसलेला तिचा नवरा धुळाजी. कासं वितळवायचं, मातीच्या साच्यात ओतायचं, निवलं की साचा फोडायचा आणि घंटेला नखाने टिचकी मारून कान लावायचा. नाद गोल उमटला तर घंटा गिऱ्हाइकाच्या हाती, नाहीतर पुन्हा मुशीत. हा त्या घरचा सात पिढ्यांचा रिवाज.

दाराला त्यांच्या मूळपुरुषाने ओतलेली थोरली घंटा टांगलेली होती. ती दारावर आहे म्हणजे दुकान उघडं आहे, हे चाळीस गावांना ठाऊक. आणि ती दारावर नाही, असं सात पिढ्यांत कोणी पाहिलं नव्हतं. बयजाला याचा गर्व होता. का नसावा? तिच्या दारातून कुणी रिकाम्या हाताने गेलेलं नव्हतं.

त्या राज्यात मार्गशीर्ष लागला की मृगयेचा पंधरवडा येई. राजा चारशे शिकारी घेऊन रानात उतरे, आणि शिकारी म्हणजे काय, झुडूप हललं की बाण सुटला. म्हणून जुना कायदा होता: ज्याच्या गळ्यात घंटा, त्याच्यावर बाण नाही. घंटा कानी पडली की राजानेसुद्धा प्रत्यंचा सैल सोडायची. मग काय, पंधरवडा लागायचा आणि चाळीस गावं आपापल्या गाई-म्हशी घेऊन बयजाच्या दारात लोटायची.

आता गंमत अशी की राज्यातली सगळ्यात अचूक नेमबाज हीच बाई. बापाने मुलीला मूस धरायला शिकवलं त्याच वर्षी धनुष्यही धरायला शिकवलं होतं. दर मार्गशीर्षात ती धनुष्य काढी, तेल लावी, प्रत्यंचा छेडून पाही आणि म्हणे, "एवढी भट्टी निघू दे, मग जाते." ती भट्टी निघे तोवर दुसरी लागलेली असे. पंधरवडा संपे, धनुष्य खुंटीवर जाई.

असं चालू असताना राजावर घाला आला. युवराज पुष्करसेन रानात गेला तो परतलाच नाही. दरबारच्या कालजंघ नावाच्या मांत्रिकाने राजा चित्रायुधाला सांगितलं, "महाराज, रुपेरी शिंगांच्या सांबराने युवराजांना तुडवून मारलं." राजाने दवंडी दिली, की त्या सांबराला मारील त्याला अर्धं राज्य. बयजाचा धाकटा भाऊ हैबती धनुष्य घेऊन निघाला. "अक्का, चल की," तो म्हणाला. "तू हो पुढे. एवढी भट्टी निघू दे," ती म्हणाली. हैबती पुढे झाला. त्याने सांबरावर बाण सोडला आणि जागच्या जागी दगड झाला. त्याच्यानंतर जो जो बाण सोडी तो तो दगड होई. दुसऱ्या वर्षी बयजा जाणारच होती, पण तेव्हाही भट्टी निघायची राहिली.

तिसऱ्या मार्गशीर्षाच्या पहिल्या दिवशी दारातल्या उंबरावर एक तांबट पक्षी येऊन बसला. "टुक," तो म्हणाला. "बयजा, तिसरा पंधरवडा लागला. तीन पंधरवडे दगड राहिलेला माणूस मग दगडच राहतो."

बयजाच्या हातातला चिमटा खाली पडला. रांगेतल्या गुरांकडे तिने पाहिलं, खुंटीवरच्या धनुष्याकडे पाहिलं. भावाला सोडावं तर जीव तुटतो, आणि चाळीस गावांची मुकी जनावरं उघड्या गळ्याने बाणांपुढे सोडावीत तर तिला आपलं तोंड आरशात पाहवलं नसतं.

"किती दिवसांत होतं हे सगळं?" तिने धुळाजीला विचारलं.

"झोप सोडली तर बारा."

"सोडली," ती म्हणाली.

बारा दिवस भट्टी विझली नाही. तेराव्या दिवशी पहाटे बयजाने धनुष्य खांद्याला अडकवलं. तांबट पुढे उडत म्हणाला, "तीन दिवस, तीन कामं. पहिल्या दिवशी वाट ओळख, दुसऱ्या दिवशी भाऊ ओळख, तिसऱ्या दिवशी शिकार ओळख."

रानाच्या तोंडाशी शंभर वाटा फुटल्या होत्या आणि शंभर वाटांवर सांबराच्या खुरांचे ठसे होते. राजाचे शिकारी वाटेल तिकडे धावत होते. बयजा खाली बसली. ठशांवरून बोट फिरवलं. नव्याण्णव वाटांवर खोली तीच, कड तीच, चीरसुद्धा तीच. साच्यातून निघालेली वस्तू तिला कोणी दाखवायला नको होती.

"ही ओतीव पावलं आहेत," ती म्हणाली. "जितं जनावर एक पाय दुसऱ्यासारखा टाकत नाही."

शंभराव्या वाटेवर मागचा डावा खूर जरासा ओढलेला होता. त्या वाटेने ती एका माळापर्यंत गेली. माळावर दगड झालेले शिकारी रांगेने उभे होते. पण दिवस कलला होता, आणि मागे राहिलेल्या एका पाड्याला तिने दिवेलागणीला पाच घंटा कबूल केल्या होत्या. ती परत आली.

"वाट सापडली?" धुळाजीने विचारलं.

"सापडली. भाता चालवा."

दुसऱ्या दिवशी ती माळावर पोचली आणि तिथेच थबकली. वाटांवर खोटी पावलं उमटवणाऱ्या कालजंघाने इथे सगळ्या दगडांना एकच चेहरा देऊन ठेवला होता. नव्वद दगड, नव्वद एकसारखी नाकं. हैबती कोणता? बयजाने डोळे मिटले आणि सवयीचं काम सुरू केलं. एकेका दगडाला नखाने टिचकी मारायची आणि कान लावायचा. पहिला भद्द वाजला. दुसरा बसका. अठ्ठावन्न दगड झाले, बोट सुजलं. एकोणसाठावा दगड मात्र गोल वाजला. दहा वर्षं भट्टीशेजारी बसून ज्याने कास्याची वाफ पोटात घेतली, त्याचा दगडसुद्धा तसाच वाजणार. बयजाने त्याला मिठी मारली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"अक्का, उशीर केलास," दगड म्हणाला.

"केला."

"भट्टी निघाली?"

"निघाली रे बाबा."

"मग ऐक. सांबरावर बाण सोडू नकोस. तो युवराज आहे. मी दगड होत होतो तेव्हा कालजंघाने हसत हसत मला युवराजांवरचा शाप सांगितला: राज्यातला एक तरी बाण तुझ्या जिवावर राहील, तोवर तू सांबर राहशील. एक क्षण जरी एकही बाण त्याच्यावर नसला, तरी शाप तुटेल. त्याच्याबरोबर आम्हीही सुटू."

बयजा तडक राजाच्या डेऱ्यात गेली आणि ऐकलेलं सगळं सांगून मोकळी झाली. राजाने तिचं म्हणणं नीट ऐकून घेतलं.

"बाई," तो म्हणाला, "तीन वर्षं मी मुलाचा सूड उरात धरून जगतो आहे. एका दगडाच्या सांगण्यावरून धनुष्य खाली ठेवू?"

कालजंघ शेजारीच उभा होता. तो गालात हसला. "महाराज, ओतारणीने घंटा ओताव्यात. मृगया तिचं काम नव्हे."

बयजाच्या कानशिलाची शीर तडतडली. "बरं," ती म्हणाली, "घंटाच ओतते," आणि मुजरा करून निघाली.

त्या संध्याकाळी तिने उरलंसुरलं सगळं कासं मुशीत घातलं आणि एकच घंटा ओतली, सांबराच्या गळ्याच्या मापाची. टिचकी मारली. नाद असा गोल उमटला, की धुळाजीसारखा माणूससुद्धा "वा" म्हणाला, जो एरवी महिना महिना काही म्हणत नसे.

पंधराव्या दिवशी उजाडता उजाडता ती निघणार, तोच दारात एक म्हातारी उभी. पार डोंगरापलीकडून आलेली, बरोबर एक भाकड गाय. "लेकी, उशीर झाला मला," ती म्हणाली. "ही एकच आहे माझी. रानातूनच घरी परतायचंय. घंटा आहे का गं?"

बयजाने हातातली घंटा गाईच्या गळ्यात बांधली.

धुळाजी भात्यावरून उठलाच. "बये, आता काय करशील? चिमूटभर कासं उरलं नाही घरात."

बयजाने दाराकडे पाहिलं.

"ती?" धुळाजी म्हणाला. "सात पिढ्यांत खाली उतरली नाही ती."

"सात पिढ्यांत माझा भाऊ दगड झाला नव्हता," बयजा म्हणाली, आणि हात उंचावून तिने घंटा काढली. दुकान बंद झालं. धुळाजीने पुढे होऊन तिच्या खांद्याला धनुष्य अडकवलं.

थोरल्या घंटेचं ओझं घेऊन माळावर ती पोचली तेव्हा ऊन उतरत होतं. चहूबाजूंनी हाकारे चढत होते. इतक्यात झाडीतून सांबर बाहेर आलं. शिंगं रुपेरी, तोंडाला फेस, मागचा डावा पाय ओढत. आता पळायला जागाच उरली नव्हती, म्हणून ते दगडांमध्ये उभं राहिलं. बयजाचा हात धनुष्याकडे गेला. इतक्या वर्षांनी समोर शिकार आणि शिकारही अशी, की अर्ध्या राज्याच्या मोलाची. खोटं कशाला सांगा, तिची बोटं शिवशिवली. मग तिने सांबराच्या डोळ्यांत पाहिलं, आणि धनुष्य गवतात ठेवलं.

लाजऱ्या जनावराजवळ कसं जायचं हे घंटा बांधणाऱ्याला शिकवावं लागत नाही. डाव्या अंगाने, नजर खाली, तळहातावर मीठ. सांबराने मीठ चाटलं. बयजाने थोरली घंटा त्याच्या गळ्यात बांधली.

त्याच वेळी राजा आणि चारशे शिकारी माळावर आले. चारशे धनुष्यं ताणली गेली. सांबराने मान उडवली आणि घंटा वाजली.

चाळीस गावांत तो नाद ओळखत नाही असा माणूस नव्हता. त्यातले निम्मे शिकारी लहानपणी त्याच दारात आईचं बोट धरून उभे राहिलेले. विचार करायच्या आधीच हात खाली आले. प्रत्यंचा एकामागून एक सैल पडल्या. राजाचीही पडली. तीन वर्षांचा सूड होता, पण कायदा त्याच्याही अंगात भिनलेला होता.

एकच धनुष्य ताणलेलं राहिलं.

"घंटा वाजली, कालजंघ," राजा म्हणाला.

"घंटा गुरांसाठी असते, महाराज," कालजंघ म्हणाला आणि त्याने बाण सोडला. बाण सात पिढ्यांच्या कास्यावर टणकन आपटला, काठाचा एक टवका उडाला आणि बाण गवतात पडला. सांबरावर बाण सोडणारा दगड होत असे, तसा कालजंघही झाला. शाप घालताना त्याने स्वतःला वगळायचं ध्यानात ठेवलं नव्हतं.

आता त्या सांबरावर एकही बाण उरला नाही. शिंगं गळून पडली, आणि गळ्यात घंटा घातलेला युवराज पुष्करसेन लंगडत बापाकडे गेला. राजाने त्याला उराशी धरलं. इकडे नव्वद दगड हलले; घंटा ऐकूनही बाण सोडणारा एक्क्याण्णवावा तेवढा हलला नाही. हैबतीला शिंक आली, मग त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "अक्का, भाकरी आणलीस का?" तिने आणली होती.

राजा बयजापुढे आला. "बाई, अर्धं राज्य तुझं."

"अर्धं राज्य सांभाळायला सवड कुठाय, महाराज? माझं दुकान आहे."

"मग जे मागशील ते."

"मृगया पंधरा दिवस पुढे ढकला," बयजा म्हणाली. "चाळीस गावांच्या घंटा निवांत होतील. मग मलाही येता येईल."

दरबारी एकमेकांकडे पाहू लागले. मृगयेचा मुहूर्त ताऱ्यांवरून काढायची चाल होती. राजज्योतिषी पुढे होऊन तसं म्हणालाही. राजाने त्याच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "ताऱ्यांना कळवा," तो म्हणाला, "ओतारीणबाईंची भट्टी निघाल्यावर यावं."

घरी आल्यावर बयजाने घंटेला टिचकी मारली आणि कान लावला. टवका उडाला होता तिथे नाद किंचित लंगडत होता.

"मुशीत?" धुळाजीने विचारलं. रिवाज तसाच होता.

बयजाने पदराने घंटा पुसली आणि जिथली तिथे टांगली.

तेव्हापासून त्या मुलखात मार्गशीर्ष उशिराने गाजू लागला. शेवटच्या गाईच्या गळ्यात घंटा बांधून झाली की बयजा आपल्या हाताने दारची घंटा उतरवी, आत देव्हाऱ्याशी ठेवी आणि भावाबरोबर रानात जाई. चुकून कोणी परगावचा दारात आला आणि रिकामी खुंटी पाहून कुरकुरला, तर शेजारीपाजारी छाती पुढे काढून सांगत, "थांबा पंधरा दिवस. आमची ओतारीण शिकारीला गेली आहे."

बयजाची कथा इथे निवली, साचा फुटला. नाद कसा आहे ते ज्याचं त्याने टिचकी मारून ऐकावं.