काल चूल किती वेळा पेटली?

फार फार वर्षांपूर्वी डोंगरांनी वेढलेल्या एका राज्यात दोन पावसाळे कोरडे गेले. राजाच्या कोठारात मात्र धान्य शिल्लक होतं. शेजारच्या राजाने मिठाच्या बदल्यात ते मागितलं. राजा म्हणाला, "आधी माझ्या प्रजेच्या घरात काय आहे ते बघा. कुणी उपाशी नसेल, तरच धान्याच्या गाड्या सुटतील."

म्हाताऱ्या कारभाऱ्याने गावोगावी मोजणीदार पाठवले. त्यांत एक तरुण मुलगी होती. अक्षर सुरेख आणि जीभ तिखट.

"रीत सोपी आहे," कारभारी म्हणाला. "घरातल्या वडीलधाऱ्याला विचारायचं, कणगी बघायची, लिहायचं. माझ्या वडिलांपासून असंच चालत आलंय."

मुलगी एका गावात गेली. प्रत्येक ओट्यावर घरचा म्हातारा बसलेला, भोवती शेजारी गोळा झालेले.

"बाबा, धान्य आहे का?"

"नसायला काय झालं? ये, बघ की!"

कणगी काठोकाठ भरलेली दिसे. मुलीने चाळीस घरांपुढे चाळीसदा 'भरलेली' असं लिहिलं. एका दिवसात काम फत्ते!

शेवटच्या घरी तिला तहान लागली, म्हणून ती परसदारी गेली. सुनेने तांब्या दिला. मुलीने सहज विचारलं, "वहिनी, आज जेवायला काय केलंत?"

"आज कुठलं? काल चिंचेचा पाला शिजवला होता."

"आणि ती कणगी?"

सुनेने आवाज खाली आणला. "आत भुसा आहे हो. वर चार शेर ज्वारी पसरलीय. धाकट्या भावोजींची सोयरीक व्हायचीय. रिकाम्या कणगीच्या घरात मुलगी कोण देईल? गावात घरोघरी हेच. मामंजींना बोलू नका, बाई!"

मुलीच्या हातातला कागद जड झाला. परवा गाड्या सुटणार होत्या. कागद तसाच दिला असता तर शाबासकी मिळाली असती, पण हे गाव उपाशी मेलं असतं. तिला म्हाताऱ्यांचा संताप आला. मग स्वतःचाही आला. चाळीसदा लिहिताना तिने तरी कुठे एकदा कणगीत हात घातला होता?

तिने कागद फाडला. दुसऱ्या दिवशी ती प्रत्येक घराच्या परसदारी गेली आणि बायकांना एकेकटीला गाठलं. धान्याचं नावही काढलं नाही. एवढंच विचारलं, "काल चूल किती वेळा पेटली?"

या प्रश्नाची कुणाला लाज वाटली नाही. "एकदा." "एकदाच गं." "काल नाहीच पेटली." चाळीसपैकी तेहतीस घरांत असंच उत्तर आलं.

दरबारात कारभारी उखडला. "सगळ्यांचे कागद सारखे आणि तुझाच निराळा? पोरी, माझे केस उन्हात नाही पिकले!"

"केस कुठेही पिकोत, आजोबा. चारचौघांत 'मी उपाशी आहे' असं तुम्ही तरी सांगाल का? मग ते कसे सांगतील?"

"जीभ आवर!"

"तिला बोलू द्या," राजा म्हणाला. "गाड्या एक दिवस थांबवा. कारभारी, हवं ते गाव तुम्हीच निवडा. कारभारीणबाईंना सोबत न्या, त्या परसदारी जातील. प्रश्न मात्र हिचाच विचारायचा."

कारभारी तणतणत गेला. संध्याकाळी परतला तो थेट गाड्यांकडे. त्याने स्वतःच्या हातांनी पहिल्या गाडीचे बैल सोडले. मग मुलीजवळ येऊन म्हणाला, "आणखी कोणती गावं राहिलीत, बाई? तू सांग. आम्ही येतो."

मुलीच्या छातीवरचा धोंडा उतरला. पुढच्या चार दिवसांत सगळी गावं नव्याने मोजली गेली आणि गाड्या उपाशी गावांच्या वाटांना लागल्या. तिने बजावलं होतं, पोती गाजावाजा न करता मागल्या दारी उतरवायची.

ती त्या पहिल्या गावी पोचली तेव्हा ओट्यावरचा म्हातारा शेजाऱ्यांना मोठ्याने सांगत होता, "आपल्याला हो कशाची कमी?" घरात सून दुसऱ्यांदा चूल पेटवत होती. मुलीने ते ऐकलं, पण या वेळी तिला राग आला नाही. खुदकन हसून ती पुढच्या घराकडे वळली.

तात्पर्य: खरं उत्तर हवं असेल, तर ते मान खाली न घालता देता येईल असा प्रश्न विचारावा, आणि जिला ठाऊक आहे तिलाच विचारावा.