जोडपानाची घडी

“पण यात चूक काय आहे चाचा, ते तरी सांगा.”

ऋजुताने समोरासमोरच्या दोन पानांचं, जोडपानाचं, प्रूफ दस्तगीरचाचांपुढे सरकवलं.

संगीताच्या मासिकाची पानं चाचांनी मिरजेत बसून चाळीस वर्षं लावली होती. ऋजुता पुण्याहून त्यांच्या हाताखाली शिकायला आली होती. येण्याआधी अशा मासिकांची तीनशे जोडपानं तिने अभ्यासली होती, आणि ते ती कुणाला विसरू देत नव्हती.

हे जोडपान नुकत्याच वारलेल्या एका गायिकेवरचं. दोन्ही पानांवर पसरलेला एकच फोटो. उजवीकडे गाणाऱ्या बाई, त्यांच्या मागे, मधोमध, तंबोऱ्यावर एक शिष्या. डावीकडच्या मोकळ्या जागेत मजकूर.

“चेहरा उजव्या पानावर, नजर मजकुराकडे, मथळा खांद्याच्या रेषेत,” ती म्हणाली. “सगळं रीतसर आहे.”

चाचांनी कागदाला मधोमध घडी घातली, नखाने दाबली. अंकाच्या शिवणीत जाईल तेवढा भाग चिमटीत धरून कागद तिच्यापुढे उघडला.

शिष्या घडीत गेली होती. बाहेर राहिली होती तंबोऱ्यावरची दोन बोटं.

“तिथे साथीदारच येतो,” ऋजुता म्हणाली. “मोजलंय मी. एक तर घडीत, नाही तर कापलेला. वाचकाचं तिकडे लक्षच जात नाही.”

“तुझ्या त्या तीनशेतली निम्मी पानं माझी असतील.”

“म्हणजे ही रीत तुमचीच.”

“हो...”

चाचांनी मोकळ्या हाताने त्या दोन बोटांकडे दाखवलं.

“हिचं नाव काय, बेटी?”

ऋजुताने फोटोखालची ओळ पाहिली. बाईंचं नाव होतं, गाव होतं, साल होतं. ओळ तिनेच लिहिली होती.

“माहीत नाही.”

“मलाही नाही... बाईंच्या कितीतरी मैफलींचे फोटो लावले मी. प्रत्येकात ही होती.”

ऋजुताचे कान तापले. पण अंक उद्या छापायला जायचा होता. फोटो हलवला की मथळा, मजकूर, सगळंच विस्कटणार. आणि चुकलं म्हणायला जीभ रेटत नव्हती.

“ती दोन बोटंच तेवढी खटकतात,” ती म्हणाली. “पुसून टाकते. पान स्वच्छ दिसेल.”

चाचांनी चिमटी सोडली. कागद तिच्या हातात दिला.

“पुस... आणि मग बाईंनी सूर कुठून घेतला, तेवढं मला दाखव.”