कड्यावरची गिधाडं

एक गाव होतं, सगळं कातळावर वसलेलं. कुदळ मारली की ठिणगी उडायची. मऊ माती काय ती ओढ्याच्या काठाला. म्हणून एखादं जनावर मेलं की गावकरी ते लांबच्या माळावर नेऊन ठेवत. कड्यावरची गिधाडं उतरत आणि दिवस मावळेपर्यंत नुसती हाडं उरत. ना घाण, ना वास!

एका वर्षी गुरांत रोग शिरला. गावचा कारभारी गेनुजी घाबरून गेला, कारण त्याचा सगळा जीव तांबड्या आणि हरण्या या आपल्या दोन बैलांत. चावडीवर तो गरजला, "ढोर मेलं की गिधाड हजर! हीच रोग घेऊन येतात. हाकला त्यांना!"

त्याची बायको पारूबाई म्हणाली, "अहो, गिधाड मेल्यावर येतं. जित्या गुराजवळ कधी पाहिलंत का?"

"तू गप्प बस!"

झालं! लोकांनी ढोल बडवले, कड्याखाली ओला पाला पेटवला. धुरानं बेजार होऊन बिचारी गिधाडं उडून गेली. गावाला कोण आनंद! अक्कल गहाण ठेवली की असाच आनंद होतो.

आता मेलेली गुरं पुरायची कुठं? कातळात खड्डा होईना. मग ओढ्याकाठी मातीत वरवर पुरली. कुत्र्यांनी ती उकरून पाण्यात ओढली, आणि गावची गुरं तेच पाणी प्यायली. रोग जायचा राहिला बाजूला, गोठे ओस पडू लागले. एका सकाळी तांबड्यानं मान टाकली.

गेनुजी त्याच्या गळ्यात पडून ढसाढसा रडला. लोक कुदळी घेऊन आले. "चला कारभारी, ओढ्याकाठी खड्डा घेतो."

पारूबाई हरण्याला धरून उभी होती. ती म्हणाली, "अहो, उद्या हा तेच पाणी पिणार आहे."

ज्याला पोळ्याला पुरणपोळी भरवली, त्याला गिधाडांपुढे ठेवायचं? गेनुजीचं काळीज तुटलं. त्यानं हरण्याकडं पाहिलं, डोळे पुसले.

"माळावर न्या," तो म्हणाला.

कुत्री येऊ नयेत म्हणून तो स्वतः काठी घेऊन बसला. आभाळ रिकामंच. दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर एक ठिपका दिसला, मग दुसरा, मग थवाच! काय ते पंख, घोंगडी पसरावी एवढे! ज्या मांसानं गाव आजारी पडत होतं, ते त्यांनी बघता बघता फस्त केलं. धन्य त्या पोटाची! ज्यांना हाकललं, तीच मदतीला धावली, आणि तेही काही न मागता.

ओढ्याकाठची मढीही लोकांनी माळावर नेली, ओढा निवळेपर्यंत गुरांना विहिरीचं पाणी पाजलं. हळूहळू रोग ओसरला. हरण्या वाचला.

गेनुजीनं डोक्याचं पागोटं काढलं आणि कड्याकडं पाहून हात जोडले. "चुकलो रे बाबांनो!"

"आणि मला?" पारूबाईनं विचारलं.

गेनुजीनं तिलाही हात जोडले.

तात्पर्य काय, तर घाणीजवळ झाडणारा दिसला, म्हणून घाण त्यानंच केली असं समजू नये.