राजा फोन उचलत नाही

हलगीची पहिली थाप पडली की भुंकायचं, हा दवंडीवाल्या सावळाआबांच्या कुत्र्याचा नेम. त्या दिवशी ऊन अंगणात आलं तरी कुत्रं झोपलेलंच! आबांची लेक हौसा दचकली. तशी ती पापड मोडला तरी दचकायची. आत जाऊन पाहते तर आजोबांच्या वेळची हलगी खुंटीला, आणि आबा तिच्याखाली गुडघे पोटाशी घेऊन बसलेले.

रणधुमाळ महाराजांचा हुकूम आला होता. आजपासून बाजार मोबाईलवर, बातम्या मोबाईलवर, अर्जही मोबाईलवर, दवंडी बंद. सूर्य मावळायच्या आत हलगी सरकारजमा करायची. बाजार तर केव्हाच खिशात शिरला होता. माळणी वांग्यांचे फोटो पाठवत, आणि गिऱ्हाइकं ते फोटो मोठे करकरून कीड शोधत.

शेजारणीचा मोबाईल मागून घेऊन हौसा तडक राजवाड्यावर गेली. महाराज सज्जात बसले होते. तिने खालून हात जोडले, तर म्हणाले, तोंडी अर्ज बंद झालेत, फोन कर.

"करते महाराज. पण उचलाल ना?"

"अनोळखी नंबर? आम्ही उचलत नसतो." महाराज मिशीत हसले. "मावळतीपर्यंत उचलायला लावलास, तर हलगी तुझ्या आबांची."

हौसाने चिंचेखाली जाऊन हुकमातला नंबर लावला. वरून महाराजांच्या मोबाईलची तुतारी अशी दणकून वाजली की ती दचकली, आणि अंगठ्याने फोन कटच झाला. घाबरत घाबरत तिने वर पाहिलं. महाराज मान फिरवून, न उचलण्याच्या ऐटीत बसले होते. पण तुतारीच थांबलेली! ऐट वाया गेली. महाराजांचा चेहरा पडला.

तो पडलेला चेहरा हौसाने बरोबर हेरला.

तिने पुन्हा फोन लावला, अर्धी तुतारी वाजू दिली आणि कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. महाराजांनी पीळ द्यायला मिशी धरावी, तोवर वर शांतता. ही पोरगी आम्हाला धड नाकारूही देत नाही, अशी त्यांनी प्रधानजींकडे तक्रार केली. अकराव्या वेळी त्यांनी जेवणाचं ताट सरकवलं. सतराव्या वेळी पगडी कलली. ऊन चिंचेच्या शेंड्याला जाऊन टेकलं.

विसाव्यांदा तुतारीचा पहिला सूर निघतो न निघतो, तोच महाराजांनी झडप घातली आणि मोबाईल कानाला लावून गरजले, "ऐक पोरी! आम्ही फोन उचलणार नाही म्हणजे नाही!"

"बरं, महाराज," हौसा म्हणाली. "मग हे बोलताय ते कशात?"

महाराजांनी मोबाईल कानावरून काढला, त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा कानाला लावला. आणि मग असे खदाखदा हसले की हौसाला ते एकदा फोनातून आणि एकदा सज्जातून ऐकू आलं. ती दोन्ही वेळा दचकली.

"हलगी आबांची, आणि वर चांदीचं कडं तुला," महाराज म्हणाले. "उद्या पहिली दवंडी हीच, की महाराज हरले." मग आवाज एकदम खाली आला. "तेवढं मात्र जरा हळू वाजवायला सांग."